खुल्या कोळसा खाणीनंतरची जमीन: माती, उतार, पाणी, गवत आणि मगच झाडे

वर्धा खोऱ्यातल्या, म्हणजे चंद्रपूर, घुग्घुस, वणी या पट्ट्यातल्या, आणि तिकडे उमरेडकडच्या खुल्या कोळसा खाणींवर दर जुलैत ओबीच्या, म्हणजे कोळशावरून काढून टाकलेल्या माती-खडकाच्या, डोंगरांवर (डंपवर) हजारो रोपे लागतात आणि पुढच्या मे महिन्यात त्यांतली बरीचशी काड्या होऊन उभी असतात. दोष पावसाला दिला जातो, रोपवाटिकेला दिला जातो, गुरांना दिला जातो. खरा दोष बहुतेक वेळा कामाच्या क्रमात असतो. माती कुठे गेली, डंपचा उतार किती ठेवला, पाण्याला वाट कुठून दिली, हे प्रश्न सुटलेले नसताना झाड लावले की पुढची सगळी मेहनत वाया जाते. खाणीच्या पर्यावरण विभागातले कर्मचारी, मातीकाम व वृक्षलागवडीचे कंत्राटदार आणि पाहणीला जाणारे ग्रामपंचायतीचे सदस्य यांना प्रत्यक्ष जागेवर उपयोगी पडावा, एवढ्याच हेतूने हा क्रम येथे मांडला आहे.

## पूर्वतयारी: पहिले फावडे मारण्याआधी

तीन गोष्टी कागदावर आल्याशिवाय काम सुरू करू नये.

पहिली गोष्ट म्हणजे अंतिम वापराचा नकाशा. कोणता भाग शेतीयोग्य करायचा, कुठे जंगल उभे करायचे आणि कोणता खड्डा जलाशय म्हणून राहणार, हे आधी ठरले पाहिजे, कारण शेतीच्या जमिनीला लागणारा मातीचा थर आणि झाडांच्या उताराला लागणारा थर यांत मोठा फरक असतो. हा नकाशा ग्रामसभेत मांडावा. पांदण रस्ते, नाले आणि गुरांच्या वाटा गावकऱ्यांना जितक्या ठाऊक असतात तितक्या मोजणीच्या नकाशावर नसतात.

दुसरी गोष्ट म्हणजे थरांची यादी. या खोऱ्यात वरून काळी माती, तिच्याखाली पिवळट चिकण किंवा नदीगाळ, काही ठिकाणी दख्खनच्या काळ्या पाषाणाचा किंवा लमेटाचा थर, मग कामठी वालुकाश्म आणि शेवटी कोळसा धारण करणारा बराकर थर अशी साधारण मांडणी आढळते. बोअरच्या प्रत्येक थराचा नमुना घेऊन त्याचा सामू (पीएच), क्षारता आणि गंधक तपासावे. भारतीय कोळशात गंधक एकंदरीत कमी असते, परंतु कोळशालगतच्या काळ्या शेलमध्ये (पापुद्र्यांच्या चिकणखडकात) पायराइटचे, म्हणजे लोह-गंधकाच्या खनिजाचे, पट्टे निघतात आणि त्रास तेच देतात. शंकास्पद खडकाची पूड हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये पूर्णपणे मुरू द्यावी. नंतर सामू 4.5 च्या खाली उतरला, तर तो खडक आम्ल सोडणारा समजून खोल गाडायच्या यादीत टाकावा.

तिसरी गोष्ट पैशाची. केंद्रीय कोळसा मंत्रालयाच्या 2009 पासूनच्या खाण समाप्ती मार्गदर्शक सूचनांनुसार प्रत्येक खाणीला समाप्ती आराखडा करावा लागतो आणि त्यासाठीची रक्कम एस्क्रो खात्यात (त्याच कामासाठी राखून ठेवलेल्या बँक खात्यात) दरवर्षी भरावी लागते. आराखड्यातला खर्च टप्प्यांनुसार फोडून ठेवावा. अनेक अंदाजपत्रकांत लागवडीची तरतूद ठळकपणे असते, मात्र माती काढणे, साठवणे आणि पुन्हा पसरणे ही तीन कामे ओबीच्या सर्वसाधारण खर्चात विरघळून गेलेली दिसतात. ती वेगळी दाखवली नाहीत तर ती होत नाहीत.

## टप्पा 1: माती काढणे आणि साठवणे

वरची 30 ते 45 सेंटीमीटर माती, म्हणजे जिच्यात मुळे, सेंद्रिय अंश, गवताचे बी आणि सूक्ष्मजीव असतात तो थर, वेगळा उचलावा. त्याखालची काळी माती कितीही खोल असली तरी ती दुसऱ्या ढिगात जावी. तीन मीटर काळी माती निघाली म्हणून सगळीच "सुपीक माती" अशी नोंद करणे ही सर्वांत जुनी चूक आहे. खालची माती वर पसरली की उन्हाळ्यात तिला हातभर भेगा पडतात आणि पावसाळ्यात तिच्यात पाणी मुरत नाही.

हे काम जानेवारी ते मे या काळात करावे. काळी माती ओली असताना उचलली तर तिची घडण मोडते आणि पुढची कित्येक वर्षे ती ढेकळासारखी राहते. ओलावा जागेवरच तपासता येतो. खणायच्या खोलीवरची मूठभर माती घेऊन तळहातावर तिची वळी वळावी. तीन मिलिमीटर जाडीची अखंड वळी होत असेल तर माती ओली आहे, यंत्र थांबवावे. वळी त्याआधीच तुटून भुगा होत असेल तर वाफसा आहे, काम चालू ठेवावे.

साठ्याची उंची शक्यतो तीन मीटरपर्यंत ठेवावी. उंच ढिगाच्या पोटात हवा पोहोचत नाही आणि मातीतले जीवन मरते. ढीग नाल्यापासून व वाहतुकीच्या रस्त्यापासून दूर असावा, त्यावर पहिल्याच पावसात ताग किंवा धैंचा पेरावा, आणि फलकावर उचलल्याची तारीख, मूळ जागा व घनमीटर लिहावेत. ज्या पट्ट्याचे पुनर्भरण (खोदलेली जागा ओबीने पुन्हा भरणे) पूर्ण झाले आहे तिथे ताजी माती थेट नेऊन पसरता आली तर साठवण्याची गरजच उरत नाही. तोच सर्वोत्तम मार्ग आहे, आणि नियोजन नीट असेल तर तो स्वस्तही पडतो.

इशारा: बाह्य (खाणीच्या खड्ड्याबाहेरचा) डंप ज्या जागेवर उभा राहणार आहे तिथली काळी मातीसुद्धा आधी काढली पाहिजे. ही माती भिजली की फुगते आणि निसरडी होते. तिच्यावर थेट रचलेला डंप पायथ्यातून पुढे सरकतो. येथे माती वाचवणे आणि माणसे वाचवणे ही एकच कृती आहे.

## टप्पा 2: ओबी कोणत्या क्रमाने टाकायची

खाणीत जो थर सर्वांत खाली होता तो उत्खननात शेवटी निघतो. डंपर जसे येतील तसे रिकामे केले तर तोच डंपच्या माथ्यावर बसतो, आणि त्यामुळे काळा शेल, कोळशाचा चुरा व पायराइट वर, तर झाडाला उपयोगी माती खाली, अशी उलटी जमीन तयार होते.

क्रम असा ठेवावा: तळाशी कठीण वालुकाश्म, ज्यातून पाणी निघून जाईल, मधल्या भागात काळा शेल व आम्लकारी खडक, थराथराने दाबून आणि चिकणमातीने झाकून, त्यावर मऊ वालुकाश्म व मुरूम, सर्वांत वर आधी खालची आणि मग वरची माती. आम्लकारी थर, खाण बंद झाल्यावर भूजल जिथे वर-खाली होत राहील त्या पट्ट्यात येऊ देऊ नये.

कार्बनयुक्त शेल उघड्यावर राहिला तर तो आपोआप पेटू शकतो. डंपमधून धूर किंवा गंधकाचा वास येत असेल तर नुसते वरून पाणी मारून आग विझत नाही; तापलेला भाग खोदून, पातळ पसरून, थंड करून मातीने बंद करावा लागतो. अशा जागेवर आग पूर्ण विझल्याची खात्री होईपर्यंत लागवड करू नये.

काळ्या मातीचे डंपर ओबीच्या डंपात मध्येच रिकामे होणार नाहीत याकडे पाळीच्या सुपरवायझरने लक्ष द्यावे. डंपाच्या पोटात राहिलेला मातीचा एक सलग पट्टा पावसाळ्यात घसरपट्टीचे काम करतो.

## टप्पा 3: उतार

कोळसा खाण विनियम, 2017 प्रमाणे ओबीच्या ढिगाचा उतार क्षितिजाशी 37.5 अंशांपेक्षा जास्त असता कामा नये आणि 30 मीटरपेक्षा उंच ढिगाला पायऱ्या पाडाव्या लागतात. ही चालू कामातल्या सुरक्षिततेची मर्यादा आहे. 37 अंशांवर खडक टिकतो. त्यावर पसरलेली माती टिकत नाही, बी टिकत नाही आणि पाणी घालणारा मजूरही नीट उभा राहू शकत नाही. म्हणून पर्यावरण मंजुरीच्या अटींत बहुधा डंपचा एकूण उतार 28 अंशांपर्यंत मागितलेला असतो.

हा फरक कागदावर किरकोळ वाटतो, जमिनीवर मात्र मोठा पडतो. 90 मीटर उंच डंपचा एकूण उतार 37.5 अंश ठेवला तर माथ्याच्या कडेपासून पायथ्यापर्यंतचे आडवे अंतर साधारण 117 मीटर भरते. 28 अंशांसाठी तेच 169 मीटर लागते. म्हणजे प्रत्येक बाजूला सुमारे 52 मीटर जास्त जागा हवी. ती सुरुवातीलाच राखून ठेवली नाही तर शेवटी पायथ्याशी नाला, रस्ता किंवा कुणाचे तरी शेत आडवे येते आणि "आहे तसेच हिरवे करा" असा तोडगा निघतो. तो तोडगा दोन पावसाळे पुरतो.

तपासणी: पायऱ्यांचा उतार बाहेरच्या कडेकडे नव्हे, तर आतल्या बाजूला किंचित झुकलेला आहे ना? माथ्यावर, कडेपासून काही मीटर आत, कडेला समांतर जाणारी बारीक भेग दिसते का? सुरुवातीला ती केसाएवढी असते आणि तिच्या दोन काठांच्या पातळीत बोटभर फरक पडलेला असतो. भेगेच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकून रोज अंतर मोजावे. अंतर वाढत असेल तर खालचे काम तत्काळ थांबवून माणसे व यंत्रे बाजूला घ्यावीत. भेग मातीने बुजवून पुढे जाणे हा गुन्हा समजावा.

## टप्पा 4: पाण्याची वाट

माती पसरण्याच्या आधी पाण्याची व्यवस्था पूर्ण झाली पाहिजे. डंपच्या सभोवती गारलँड ड्रेन (वेढा घालणारा चर), पायथ्याला दगडी टो-वॉल, प्रत्येक पायरीच्या आतल्या कडेने चर, आणि त्या चरांचे पाणी ठरावीक अंतरावर खाली आणणारे दगडी किंवा काँक्रीटचे उतरते नाले, हे सर्व एकमेकांना जोडलेले असावे. शेवटी पाणी गाळ बसवणाऱ्या टाक्यांत यावे आणि तिथून निवळून नाल्याला मिळावे. टाक्या मे महिन्यात उपसून ठेवाव्यात. जुलैत गाळाने भरलेली टाकी म्हणजे केवळ एक पायरी असलेला नाला.

इशारा: पाणलोट विकासात आपल्याकडे सलग समतल चर यशस्वी ठरले, म्हणून तेच डंपच्या उतारावर खोदण्याचा मोह अनेकांना होतो. टेकडीच्या उतारावर पाणी मुरवायचे असते; ताज्या डंपच्या उतारावर ते सुरक्षितपणे बाहेर काढायचे असते. सैल ओबीत चर भरून राहिले की पाणी आत शिरते, बिळासारख्या वाटा करते आणि उतार पोटातून पोकळ होतो. डंप बसून स्थिर होईपर्यंत उतारावर पाणी साठवणारी कोणतीही रचना करू नये.

पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन डंप चढून यावा. कोरड्या दिवशी काढलेल्या छायाचित्रांपेक्षा त्या अर्ध्या तासात अधिक कळते: पाणी कुठे चर सोडून वाहते, कुठे गढूळ झरा फुटतो, कोणता जोड उघडा पडला आहे.

## टप्पा 5: पृष्ठभाग मोकळा करणे आणि माती पसरणे

डंपरच्या चाकांखाली माथा रस्त्यासारखा घट्ट झालेला असतो. माती घालण्याआधी डोझरच्या रिपरने (मागच्या नांगरासारख्या दाताने) 60 ते 90 सेंटीमीटर खोल, आडवे आणि उभे, असे दोनदा फोडावे. हे टाळले तर माती आणि ओबी यांच्यामध्ये तव्यासारखा थर राहतो. मुळे तिथपर्यंत जाऊन आडवी वळतात आणि पाणी त्याच थरावरून घसरत माती घेऊन खाली जाते.

मग खालची माती आणि नंतर वरची माती पसरावी. जंगलाच्या भागात वरच्या मातीचा 30 सेंटीमीटर थर चालू शकतो. माती एका टोकापासून मागे सरकत टाकावी, म्हणजे टाकलेल्या मातीवर डंपर पुन्हा चढणार नाहीत. पृष्ठभाग गुळगुळीत करण्याचा हव्यास नको. थोडी खडबडीत जमीन बी आणि पाणी दोन्ही धरून ठेवते. पाहणीला येणाऱ्या साहेबांना सपाट माथा आवडतो ही अडचण खरी आहे, पण त्यावर उपाय या लेखात नाही.

तपासणी: पसरणी झाल्यावर हेक्टरी निदान दहा ठिकाणी लोखंडी पहार हाताने दाबून पाहावी. वाफशावर असलेल्या मातीत ती अर्धा मीटर सहज गेली पाहिजे. जिथे अडेल तिथे खुणेचा दगड ठेवून तो भाग पुन्हा फोडावा.

## टप्पा 6: मातीची दुरुस्ती

पसरलेल्या मातीचे नमुने मृद परीक्षण प्रयोगशाळेत द्यावेत. या भागातली काळी माती बहुधा चुनखडीयुक्त आणि अल्कधर्मी असते, त्यामुळे सरसकट चुना टाकण्याची प्रथा येथे निरर्थक आहे, सामू 5.5 च्या खाली असेल तिथेच, प्रयोगशाळा सांगेल त्या मात्रेत चुना द्यावा. खरी उणीव सेंद्रिय पदार्थ, नत्र आणि स्फुरदाची असते. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने खाणींच्या ढिगाऱ्यांवर साखर कारखान्याची मळी (प्रेसमड), रायझोबियमसारखे नत्र स्थिर करणारे जिवाणू आणि मुळांशी जोडली जाणारी मायकोरायझा बुरशी एकत्र वापरण्याची पद्धत विकसित केली आहे. मळी दूरवरून आणावी लागत असेल तर शेणखत किंवा गावातल्या काडीकचऱ्याचे कंपोस्ट वापरावे. जिवाणू संवर्धके उन्हात पडलेल्या पोत्यांतून आणू नयेत; ती मेलेली असतात.

## टप्पा 7: पहिले वर्ष गवत आणि शेंगवर्गीय पिकांचे

पहिल्या पावसाळ्यात झाडे लावू नयेत. एवढी एक सूचना पाळली तरी बरेच काही साधते. ताग, धैंचा, स्टायलो (शेंगवर्गीय चारा) आणि स्थानिक गवते, उदाहरणार्थ पवना, मारवेल व कुसळी, यांच्या मिश्रणाने जमीन आधी झाकून घ्यावी. नाल्यांच्या कडेला आणि पायऱ्यांच्या टोकाला वाळ्याचे ठोंब लावावेत. स्टायलोच्या बियांचे कवच कठीण असते, म्हणून त्या पेरण्याआधी काही मिनिटे गरम पाण्यात बुडवून काढाव्यात. बारीक बी ओलसर वाळूत मिसळून जूनच्या पहिल्या पंधरवड्यात धूळपेरणी करावी आणि वरून फांद्या फिरवाव्यात. ते खोल गेले तर उगवत नाही.

दीनानाथ गवत लवकर वाढते आणि छायाचित्रात छान दिसते, पण त्याचे प्रमाण मर्यादित ठेवावे, कारण ते इतर रोपांना दाबते आणि वाळल्यावर वणव्याला इंधन पुरवते.

गुरांचा प्रश्न फक्त काटेरी तारेने सुटत नाही. गवत कापून नेण्याचा हक्क गावकऱ्यांना द्यावा आणि चराई बंद ठेवावी. गुराखी राखणदार झाला की तारेचा खर्चही वाचतो.

## टप्पा 8: झाडे

दुसऱ्या वर्षीच्या एप्रिल-मेमध्ये 45 सेंटीमीटर लांब, रुंद व खोल खड्डे खोदून तापू द्यावेत आणि पावसापूर्वी माती व कंपोस्ट भरून ठेवावेत. हेक्टरी 2,500 रोपे, म्हणजे दोन बाय दोन मीटर, ही मंजुरीच्या अटींत नेहमी येणारी घनता आहे.

जागेप्रमाणे प्रजाती निवडाव्यात. उतारावर बोर, खैर, बाभूळ, करंज, शिसू, सीताफळ, बांबू. सपाट व खोल मातीच्या माथ्यावर कडुनिंब, आवळा, बेहडा, शिवण, ऐन, मोह. पाण्याच्या कडेला अर्जुन, जांभूळ, उंबर. मोह हळू वाढतो म्हणून यादीतून गळतो, पण या जिल्ह्यांत लोक ज्या झाडाची राखण करतात ते मोहाचेच. सुबाभूळ, ऑस्ट्रेलियन बाभूळ आणि निलगिरी यांच्या एकजात लागवडीने तीन वर्षांत हिरवा रंग मिळतो; त्यांच्याखाली जंगल मात्र येत नाही. सुबाभूळ तर बी टाकून शेजारची शेतेही व्यापते.

रोपे फूट-दीड फुटांची, जोमदार, मुळे पिशवीत गुंडाळलेली नसलेली घ्यावीत. समारंभासाठी आणलेली पुरुषभर उंचीची रोपे डंपवर क्वचितच जगतात. प्लॅस्टिकची पिशवी काढूनच रोप लावावे. हे लिहावे लागते, कारण मेलेले रोप उपटल्यावर पिशवी अजूनही सापडते.

इशारा: लागवडीचे काम वनविकास महामंडळासारख्या संस्थेकडे सोपवले असेल तर टप्पा 3 ते 5 च्या तपासण्यांवर दोन्ही पक्षांच्या सह्या झाल्याशिवाय जागेचा ताबा देऊ नये. अन्यथा रोपे मेल्यावर मातीचा दोष कोणाचा, हा वाद मिटत नाही.

## टप्पा 9: शेतीसाठी ठेवलेला भाग

शेतीयोग्य जमीन अंतर्गत पुनर्भरणावर, म्हणजे खाणीच्या आत भरलेल्या ओबीवर, होऊ शकते, उंच डंपवर नव्हे. भरलेली ओबी काही वर्षे असमान खचत राहते. म्हणून अंतिम सपाटीकरण दोन-तीन पावसाळे गेल्यावर करावे, एक-दोन टक्के उतार ठेवावा आणि जिथे पाणी साचते त्या खळग्यांत पुन्हा माती भरावी. ओबीवर निदान एक मीटर खालची माती आणि त्यावर 30 ते 45 सेंटीमीटर वरची माती हवी. पहिली दोन वर्षे ताग किंवा धैंचा फुलोऱ्यात गाडावा. त्यानंतर तूर, ज्वारी अशी पिके घेऊन पाहावे. थेट कपाशी लावून उत्पादन आले नाही म्हणून जमीन नापीक ठरवणे घाईचे होईल. या जमिनीवर घरे, शाळा किंवा पाण्याची टाकी बांधू देऊ नये.

## टप्पा 10: उरलेला खड्डा

फोडलेला खडक मूळ आकारमानापेक्षा जास्त जागा व्यापतो, तरीही कोळसा गेलेला असल्याने आणि सुरुवातीची ओबी बाहेर टाकलेली असल्याने शेवटी एक खड्डा राहतोच. उपसा थांबला की भूजल काही वर्षांत वर चढते आणि आतल्या डंपचा पायथा भिजतो. त्यामुळे पाणी भरत असतानाच्या काळात आतल्या उतारांवर विशेष लक्ष ठेवावे. काठाच्या वरच्या पायऱ्या मंद उताराच्या कराव्यात आणि जुना वाहतुकीचा रस्ता ही गुरांना व माणसांना पाण्यापर्यंत नेणारी एकमेव, खात्रीची वाट ठेवून उरलेला काठ बंद करावा. सिंचनाला किंवा पिण्यासाठी पाणी देण्यापूर्वी सामू, सल्फेट, एकूण विरघळलेले क्षार, लोह आणि फ्लोराइड हे सर्व ऋतूंत तपासावेत.

खड्ड्यात औष्णिक केंद्राची राख भरायचा प्रस्ताव आला, आणि चंद्रपुरात तो येतोच, तर 31 डिसेंबर 2021 च्या केंद्रीय अधिसूचनेने खाणीतील भरणास परवानगी असली तरी भूजलाची दिशा, निरीक्षण विहिरी आणि मातीच्या आवरणाची जाडी ठरल्याशिवाय पहिला टँकर आत घेऊ नये.

## टप्पा 11: देखरेख

सीएमपीडीआय ही कोल इंडियाची खाण-नियोजन संस्था उपग्रह चित्रांवरून मोठ्या खाणींची दरवर्षी आणि लहान खाणींची तीन वर्षांनी पाहणी करते. त्यातून पुनर्भरण व हिरव्या आच्छादनाचे क्षेत्र कळते. त्या हिरव्या रंगात घाणेरी, वेडी बाभूळ आणि गाजरगवत किती आहे हे कळत नाही. म्हणून जमिनीवर कायम खुणा केलेले दहा बाय दहा मीटरचे चौकोन ठेवावेत आणि दरवर्षी मे महिन्यात, पाऊस येण्यापूर्वी, त्यांत जगलेली झाडे, न लावता आपोआप आलेली रोपे, उघडी जमीन आणि धुपेच्या घळी मोजाव्यात. जुलैतली मोजणी सगळ्यांनाच उत्तीर्ण करते.

तिसऱ्या उन्हाळ्यानंतर जगण्याचे प्रमाण कमी दिसले तर नांगे भरण्याआधी मेलेल्या रोपांच्या शेजारी खोदून पाहावे. मुळे आडवी वळलेली असतील तर टप्पा 5 चुकला आहे. मुळांभोवती काळा शेल आणि आंबट माती लागली तर टप्पा 2 चुकला आहे. मुळे उघडी पडली असतील तर उतार किंवा पाण्याची वाट चुकली आहे. दुरुस्ती त्या टप्प्यापासून करावी आणि नवी रोपे तोपर्यंत रोपवाटिकेतच ठेवावीत.